हरकत असेल त्याने आत्ताच बोलावं

विद्यानगरच्या आमच्या ऑफिसात कुठलीही गोष्ट तीनदा विचारल्याशिवाय ठरत नसे. चहा कुठून मागवायचा, दिवाळीची सुट्टी किती द्यायची, काहीही असो. सगळ्यांचं एकमत झालं की कोपऱ्यातल्या टेबलावरून घसा खाकरल्याचा आवाज यायचा. "कुणाची हरकत?" कुणी बोलत नसे. पुन्हा तोच प्रश्न, आणि त्याच सुरात पुन्हा एकदा. मग वहीत "हरकत नाही" असं लिहिलं जाई आणि चहा मागवला जाई. तोवर चहावाल्याचं दूध संपल्याचे प्रसंगही आले आहेत.

आम्ही त्यांना दवंडीकाका म्हणत असू, अर्थातच पाठीमागे. निजामाच्या राजवटीत ते उर्दू शाळेत शिकले आणि पुढे सगळं आयुष्य तहशील कचेरीत जमिनीच्या नोंदी करण्यात गेलं. एखादं शेत दुसऱ्याच्या नावावर चढवायचं तर आधी गावात दवंडी पिटायची, हरकत तीनदा विचारायची, हा त्यांच्या कचेरीचा रिवाज. एकदा विचारलं तर माणूस ऐकत नाही, दोनदा विचारलं तर ऐकून गप्प बसतो, तिसऱ्यांदा गप्प बसला तर तो त्याचा जबाब, असं त्यांचं शास्त्र होतं.

मी पुण्याहून निजामाच्या या जुन्या राजधानीत येऊन नऊ माणसांची कंपनी काढली होती. धंद्यावरचे सरकारी परवाने नुकतेच उठले होते, जो तो संगणक घेत होता, आणि एका कंपनीच्या संगणकावरून दुसरीच्या संगणकावर खरेदीची ऑर्डर थेट जावी असं सॉफ्टवेअर आम्ही लिहीत होतो. त्यासाठी दोन्हीकडे ऑर्डरचा नमुना एकच हवा. असा नमुना देशोदेशीच्या कंपन्यांची एक समिती मिळून ठरवत होती. तो खुला होता, म्हणजे कुणीही वापरा, कुणाला विचारायला नको. आम्हीही समितीचे सभासद झालो. तिची बैठक फोनवर, आमच्याकडच्या सकाळी सहाला भरे. माझे इंजिनियर नऊच्या आत उठत नसत. दवंडीकाका चारला उठत. त्यामुळे त्यांना मी ठेवलं होतं फायली लावायला, पण जागतिक समितीवर आमचे प्रतिनिधी तेच झाले.

ते तिथे काय करत असतील याची मला चिंता होती. एकदा मी मुद्दाम सहाला आलो. तासभर काका एक अक्षर बोलले नाहीत. शेवटी अध्यक्षाने नमुन्याचा एक भाग मंजूर झाल्याचं सांगितलं, तेव्हा त्यांनी घसा खाकरला. "एनीबडी हॅविंग क्लेम, राइट ऑर शेअर इन दिस मॅटर, किंडली से नाऊ." पलीकडे कुणीतरी हसलं. काकांनी दुसऱ्यांदा विचारलं, तिसऱ्यांदा विचारलं, आणि मग एकेका कंपनीचं नाव घेऊन उत्तर लिहून घेतलं. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

"काका, ते हसतात आपल्याला," मी म्हणालो.

"हसू द्या की साहेब. हसणारा माणूस हजर होता असं लिहितो मी."

आणि ते खरंच लिहीत. त्याच दुपारी बैठकीचं इतिवृत्त टाइप होऊन सगळ्या सभासदांना ई-मेलने जाई, आणि सगळ्यांची पोच आल्याशिवाय काका रात्रीचे जेवायला बसत नसत.

दोन वर्षांनी नोटीस आली. समितीतल्याच एका बड्या परदेशी कंपनीची. आलेल्या ऑर्डरला 'एवढं मान्य, एवढं बदलून' असं ओळीओळीने उत्तर पाठवण्याच्या पद्धतीवर म्हणे तिचं पेटंट होतं, आणि ती पद्धत नमुन्यात असल्यामुळे तो वापरणाऱ्या प्रत्येकाने तिच्याकडून लायसन्स घ्यावं. दवंडीकाका नोटीस दोनदा वाचून मला बेगम बाजारात घेऊन गेले. हळदीच्या एका घाऊक दुकानात मुनीम गिऱ्हाइकांच्या चिठ्ठ्यांवर ओळीओळीला खुणा करत बसला होता. हे आहे, हे नाही, याच्या ऐवजी हे पाठवतो.

काकांनी त्याला विचारलं, "क्यूं मियाँ, आपकू नोटिस आई क्या?"

"कायकी नोटिस?"

"नै आई," काका मला म्हणाले. "येईल."

पण मला हसू येण्यासारखी परिस्थिती नव्हती. आमचं पहिलं मोठं गिऱ्हाईक, एक औषध कंपनी, करारावर सही करायला तयार बसली होती आणि नोटिशीची बातमी तिच्या खरेदी-प्रमुखाच्या कानावर गेली होती. आठवडाभरात मालकीचा घोळ मिटवा, नाहीतर आम्ही दुसरीकडे जातो, असं त्याने कळवलं. करार गेला असता तर कंपनी बंद झाली असती.

काकांनी कपाटातून ती इतिवृत्तं काढली. ज्या बैठकीत ती पद्धत मंजूर झाली, तिच्यात तीनदा विचारल्यावर त्या बड्या कंपनीच्या माणसाने "नन", म्हणजे काही हक्क नाही, असं म्हटलेलं होतं. खाली त्याची पोच होती. आम्ही त्या कंपनीला प्रती पाठवल्या. चौथ्या दिवशी उत्तर आलं, आणि मी खुर्चीतून उडालोच. आमच्या कंपनीला लायसन्स फुकट! कायमचं! फक्त शेवटच्या पानावर सही करून परत पाठवायचं.

दवंडीकाकांनी कागद वाचला. "नक्को घेऊ, साहेब."

"अहो, फुकट आहे!"

"फुकटचा भाडेपट्टा घेतला तरी जमीन देणाऱ्याची ठरते. आज कागजावर त्याला मालक म्हणणारं कुणी नाही. तुम्ही पहिले व्हाल. मग तो तुमचा कागज बाकीच्यांना दाखवत फिरेल."

"आणि करार गेला तर? ही पोरं कुठे जातील?"

त्यांनी वही उघडली. "माझी हरकत आहे, एवढं लिहून ठेवतो," म्हणाले. मी सही केली. साक्षीदार हवा होता आणि खोलीत दुसरं कुणी नव्हतं. मला विचारायचीही लाज वाटत होती, पण त्यांनीच पेन मागून घेतलं. "साक्षीदार दस्तखत बघतो," म्हणाले, "शहाणपणा नाही बघत."

करार झाला. कंपनी वाचली. आणि काका म्हणाले होते तसंच सगळं घडलं. बड्या कंपनीने आमच्या सहीची प्रत लहान लहान सभासदांना पाठवली: "ज्यांनी इतिवृत्तं लिहिली त्यांनीसुद्धा आमची मालकी मानली, तुमचं काय?" मला पत्रं येऊ लागली. एकाने एवढंच विचारलं होतं, तुम्ही असं का केलंत? मी उत्तर दिलं नाही. आजवर मला कुणी चोर म्हटलेलं नाही, पण त्या आठवड्यात म्हटलं असतं तर मी वाद घातला नसता.

काकांनी महिनाअखेरीला काम सोडलं. डोळे थकले, हे कारण दिलं. रागाचा एक शब्द नाही. पण त्या पत्रांना त्यांनी घरून उत्तरं लिहिली होती, हे मला फार उशिरा कळलं. इतिवृत्तं कुठल्या तारखेची पाहायची, पोच कुणाची आहे, सगळं नीट लिहून. त्या लोकांनी एकजूट केली, दोन वर्षं भांडले, आणि बड्या कंपनीने दावा मागे घेतला. नमुना पूर्वीसारखा सगळ्यांसाठी खुला झाला.

ती बातमी घेऊन मी त्यांच्या घरी गेलो. ते अंथरुणावर होते. मी माफी मागितली. ती त्यांनी ऐकली न ऐकल्यासारखी केली आणि माझ्याकडे लायसन्सचा कागद मागितला. मी नेला होता, का ते ठाऊक नाही. भिंग लावून त्यांनी चारही पानं वाचली.

"आता मालक कोणीच नाही ना?"

"कोणीच नाही."

"सगळे फुकट वापरतात?"

"हो, सगळे."

"म्हणजे परवानगी घेतलेले जगात तुम्ही एकटेच." त्यांनी कागदाच्या घड्या होत्या तशा नीट घातल्या आणि तो माझ्या हातात दिला. "कायमची आहे, साहेब. जपून ठेवा."

त्याच महिन्यात ते गेले. कागद माझ्याकडे आहे.