कोरड्या दगडांचा समुद्र

प्रतीक्षा हे तप आहे, असे आपण सहज म्हणून जातो. परंतु तपाची धग पुष्कळदा तपस्व्यापेक्षा त्याच्या शेजारच्याला अधिक पोळते, हे सांगायचे राहून जाते. काचकाकांच्या आयुष्यात ते राहिले नाही.

काचा कापण्यात त्यांचा जन्म गेला. हिऱ्याच्या लेखणीने रेघ ओढावी, क्षणभर थांबावे, मग अलगद दाब द्यावा. घाई झाली की काच वाकडी तुटते. तो क्षणभराचा विराम त्यांच्या हाडीमाशी मुरला होता.

काकू समुद्रकाठच्या. लग्नानंतर त्या समुद्रापासून पार दूर आल्या आणि 'एकदा जाऊन येऊ' म्हणता म्हणता केस पिकले. मग अर्धांगाने त्यांना खाटेवर पाडले, छाती कफाने भरू लागली. डॉक्टरांनी मुलाला बाहेर नेऊन जे सांगितले, ते काकांनी दाराआडून ऐकले. प्रवासाचा प्रश्नच मिटला. तेव्हा समुद्रच घरी आणायचे त्यांनी ठरवले. काकूंनी डोळे मिटण्यापूर्वी त्यात जिता मासा पाहावा, एवढीच इच्छा.

पेटीच्या काचा त्यांनी स्वतः कापल्या, सांधल्या आणि पेटी खाटेसमोर मांडली. शोभेचे मासे विकणाऱ्या मासेवाल्याने समुद्रातून काढलेले ओले दगड पुढे केले. त्यांच्यावर पाणी शुद्ध राखणारी सूक्ष्म सृष्टी आयती येते, पण प्रवाळ कुरतडणारे किडेही तिच्यासोबत चोरपावलांनी येतात. काकांनी उन्हात वाळलेले, पांढरेफटक, निर्जीव दगड निवडले. "नवं बिऱ्हाड थाटायचं तर कोऱ्या जागेत थाटावं," ते म्हणाले.

खारे पाणी भरून त्यांनी त्यात कोळंबीचा एक तुकडा कुजायला टाकला. कुजण्यातून विष निपजते आणि त्या विषावर जगणारे अदृश्य जीव सावकाश दगडांच्या छिद्रांत वस्तीला येतात. ती वस्ती होण्याआधी मासा सोडणे म्हणजे त्याला विषात बुडवणे. काका रोज नळीत पाणी घेऊन औषधाचे थेंब टाकीत. पाणी हिरवे झाले तर विष आहे, पिवळे राहिले तर ओसरले.

"अहो, दगडांना पिल्लं कधी व्हायची?" काकू जड जिभेने विचारीत.

"होतील गं. दिवस गेलेत त्यांना."

"तरीच! डोहाळे बरे लागलेत मेल्यांना, कोळंबीचे."

पुढे दगडांवर तपकिरी साय धरली. पाहणाऱ्याला किळस यावी अशी; काकांना मात्र ती पाहून हर्ष झाला, कारण जीव धरल्याची ती खूण होती. नळीतला हिरवा रंगही फिका पडत चालला होता. दोन केशरी मासे राखून ठेवायला सांगण्यासाठी ते मासेवाल्याच्या दुकानाकडे गेले.

परतले तेव्हा पेटी रिकामी होती. सूनबाई पदर खोचून गच्चीवरून खाली येत होती.

"बाबा, डॉक्टर म्हणालेत ना, आईंच्या खोलीत घाण नको म्हणून? सगळे दगड उकळत्या पाण्यात घालून घासले. काय ती बुरशी! आता बघा, कसे लख्ख झालेत."

गच्चीवर उन्हात मांडलेले दगड पुन्हा हाडासारखे पांढरे दिसत होते. काकांनी त्यातला एक उचलून हातात घेतला.

"त्यांच्यावर कोणी राहायला आलं होतं गं," ते म्हणाले. "असो. येतील पुन्हा."

सुनेचा चेहरा उतरला. काकांनी दगड रचले, नवे पाणी भरले, पुन्हा कोळंबीचा तुकडा टाकला.

काकूंच्या श्वासाला मात्र आता वाट पाहायला सवड नव्हती. एका दुपारी त्यांनी काकांचे डावे मनगट धरले.

"एक सोडा ना."

"मरेल गं तो. तडफडून मरेल."

"मीही तेच करतेय की. जोडीला होईल मला."

काकांनी नळी उजेडात धरली. पाणी गर्द हिरवे होते.

"तुला दिसावा म्हणून त्याला गुदमरवू?"

काकूंनी मान भिंतीकडे वळवली. नवऱ्याशी त्या पुढे फारसे बोलल्या नाहीत. त्यांचे प्राण गेले तेव्हाही नळीतले पाणी हिरवेच होते.

ते पिवळे झाले ते खाट रिकामी झाल्यावर. काकांनी नळी विसळून जागेवर ठेवली. मासे आणायला ते गेले नाहीत.

एकदा चहाचा कप हाती देताना सुनेला राहवले नाही. "बाबा, मी ते दगड धुतले नसते तर?"

"तर दिसला असता तिला."

ती रडू लागली, तसे ते म्हणाले, "मी एक सोडला असता, तरी दिसला असता. एकटीच्या डोक्यावर घेऊ नकोस. माझी निम्मी वाटणी आहे त्यात."

मासा न सोडण्याचा तो निर्णय चुकला होता काय, याचे उत्तर त्यांनी कधी दिले नाही. मात्र पेटीपाशी बसले की त्यांचा उजवा हात डाव्या मनगटाकडे जाई. पुढच्या वर्षी तेही गेले.

काकांचे काचेचे दुकान मुलाने मोडले. खाट कोणाला तरी देऊन टाकली. पेटी त्याच खोलीत आहे. पाणी आटले तरी मीठ मागे उरते, म्हणून आटलेल्या पाण्याच्या जागी सूनबाई रोज गोडे पाणी घालते, दगडांवरच्या जिवांसाठी चिमूटभर खाद्य टाकते. दगड आता हिरवट झाले आहेत. पाणी निर्मळ आहे. त्यात मासा नाही.