इंदूचे उपास

इंदूच्या शाळेचा शिपाई सायकल तशीच दारात आडवी टाकून आत आला, तेव्हा मी तांदूळ निवडत बसले होते. "बाई फळ्यापाशीच पडल्या," एवढंच तो बोलला. बदलापूरहून अंबरनाथच्या शाळेत मी कशी पोचले, आठवत नाही. तिसऱ्या दिवशी इंदू गेली. माझी धाकटी नणंद; वय सव्वीस. आज सहा आठवडे झाले... लिहावं की नाही, ठरत नव्हतं. पण ती कशानं गेली हे बरेच दिवस घरात फक्त मलाच ठाऊक होतं, आणि ते पोटात असेपर्यंत घशाखाली घास उतरत नव्हता.

मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा इंदू अंगानं चांगली भरलेली होती. लठ्ठच म्हणा, तीही तेच म्हणायची. "वहिनी, मी बसले की पाट कण्हतो गं," असं म्हणून आधी स्वतःच हसायची, म्हणजे दुसऱ्याला हसायला काही उरत नसे. पहिलीतली पोरं गोष्ट ऐकताना तिच्या मांडीवरच्या जागेसाठी भांडत. पण तीन स्थळं आली आणि तिन्ही 'मुलगी जरा थोराड दिसते' म्हणून फिरली. तिसऱ्या खेपेला मुलाची आत्या पोहे खाता खाता म्हणाली, "घरात धान्य भरपूर दिसतंय." त्या दिवशी इंदू हसली नाही.

मग मीच शहाणपणा केला. एका मासिकात आलं होतं, चाळीस दिवस नुसतं लिंबूपाणी आणि काकडी. बांधा कसा चवळीच्या शेंगेसारखा होतो! ते पान कापून मी तिच्या हातात दिलं. "आई पानावरून उठू देईल का मला?" ती म्हणाली. त्यावर तोडही मीच काढली. "उपास आहे म्हण. उपासाच्या माणसाला आपल्याकडे कोणी आग्रह करत नाही." सोमवार झाला, मग गुरुवार, शनिवार, चतुर्थी, एकादशी... मधल्या दिवसांना ती नवस सांगे. साबुदाण्यालासुद्धा शिवेना. सासूबाई शेजारणींना कौतुकानं सांगत, "पोरीला देवाचं वेड लागलंय." चाळीस दिवस उलटले तरी ती थांबेना. केस मुठीनं गळायला लागले, शाळेच्या पायऱ्या भिंत धरून चढू लागली. मी एकदा म्हटलं, "पुरे आता, इंदू." तर म्हणाली, "चौथ्यांनी होकार दिलाय वहिनी. लग्नापर्यंत राहू दे. मग बघ कशी जेवते ते!" सासूबाईंना खरं सांगायचं धैर्य मला झालं नाही.

"ताप साधाच होता," ती गेल्यावर डॉक्टर म्हणाले, "पण झुंजायला अंगात काही उरलंच नव्हतं. जेवत नव्हत्या का?" सासूबाई डोळे पुसत म्हणाल्या, "फार उपास करायची हो, देवभोळी माझी पोर."

गेल्या आठवड्यात उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये गेले. फाळणीत तिथे येऊन राहिलेल्या म्हाताऱ्या सिंधी शिंप्याकडे इंदूनं आपली जुनी पोलकी आत घ्यायला टाकली होती. त्यांना काहीच कळलेलं नव्हतं. घडी पुढे सरकवत म्हणाले, "बेटी को बोलना, कपडा काटा नहीं, अंदर मोडके रखा है. हम लोग इधर आये तब ऐसेच सूख गये थे, खाने को नहीं था. फिर भर गये. ये भी भर जायेगी." पोलकी छातीशी धरून तशीच परत आले.

घरी आल्यावर एकाची शिवण उसवली. आत दोन्ही बाजूंना चार-चार बोटं कापड होतं, ऊन न लागलेलं, गर्द हिरवं. "काय उसवतेस गं?" म्हणत सासूबाई आल्या. मी त्यांना जवळ बसवलं आणि मासिकातल्या त्या पानापासून सगळं सांगितलं. त्या माझ्याकडे बघेनात, रागावल्याही नाहीत. त्या हिरव्या पट्टीवर बराच वेळ बोटं ठेवून बसल्या.

"एवढी होती माझी पोर," म्हणाल्या, आणि पोलकं उचलून आपल्या खोलीत घेऊन गेल्या.