पानमळ्याच्या गोष्टीचा शेवट

मोठा दुष्काळ पडायच्या आदल्या सालची गोष्ट. बेलापूरजवळच्या आमच्या वस्तीवर तेव्हा उसाला पाटाचं पाणी होतं, आणि दुपारची जेवणं उरकली की आईला कादंबरी लागायची. आईला अक्षरओळख नव्हती. वाचायचं काम माझं, कारण मी नववीत होते आणि माझा आवाज, आईच्या मते, लग्नातल्या लाउडस्पीकरसारखा होता. आक्का माझ्याहून मोठी. तिला वाचता येत होतं, पण ती म्हणायची, "तू वाच, मला ऐकू दे." शेंगांचं सूप मांडीवर घेऊन ती खांबाला टेकून बसायची.

त्या वर्षी गावच्या वाचनालयातून मी एक कादंबरी आणली. कव्हर फाटलेलं, म्हणून ती कुणाला नको होती. गोष्ट साधीच. एका देशमुखाची मुलगी आणि त्यांच्या पानमळ्यात राबणारा तरुण. ना खून, ना मारामारी. तो विहिरीच्या काठावर तिच्यासाठी कोवळी पानं ठेवून जायचा, ती त्याच्या म्हातारीला ताक पाठवायची, आणि पुढची कितीतरी पानं दोघं नुसती एकमेकांकडं बघायची. मला मेलीला कंटाळा यायचा. मी चार ओळी खाऊन पुढं पळाले की आई लगेच ओरडायची, "ए, गाळू नको! मला कळतंय." कसं कळायचं देव जाणे.

आमचा सालगडी, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेला गडी, पाथर्डीकडचा होता. जात आमचीच, पण तिकडं सगळं जिरायत. पावसानं दगा दिला की खायचे वांधे. म्हणून बाप आणि लेक दोघं आमच्याकडं राबत. लेक विशीतला. तो अंगणापलीकडं लिंबाखाली दोर वळत बसायचा आणि कान आमच्याकडं ठेवायचा. आई हाक मारायची, "ऐकतोस का रं?"

"ऐकतोय की मालकीणबाई. आज त्या देशमुखाला लई राग आला."

उसाला पाणी धरायची पाळी दुपारी आली की त्याचं प्रकरण हुकायचं. मग संध्याकाळी वैरणीला गेलेली आक्का बांधावर उभी राहून त्याला ते सांगायची. एकदा मी मागनं जाऊन ऐकलं. मी घटकाभरात वाचलेलं ती दिवस कलेपर्यंत सांगत होती, आणि त्यात पुस्तकात नसलेलं बरंच काही घालत होती. तो फावड्याच्या दांड्यावर हनुवटी टेकून ऐकत होता. वाफा फुटून पाणी वाटेवर वाहत होतं आणि दोघांनाही त्याचा पत्ता नव्हता. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला.

फाल्गुनात शेवटचं प्रकरण आलं. सगळ्या गावादेखत देशमुख त्या तरुणाला पंगतीत आपल्या शेजारी बसवतो आणि त्याला लेक देतो. आई घळाघळा रडली. "असं पोर दिवा घेऊन शोधलं तरी घावायचं न्हाई," ती म्हणाली. "मी तिची आई असते ना, तर पैली अक्षता मीच टाकली असती." उचलली जीभ लावली टाळ्याला! पण आक्कानं ते शब्द खरे धरले. आमची आई कधी खोटं बोलायची नाही, आणि तेव्हाही बोलली नव्हती.

त्या दुपारी तो पाण्यावर होता. संध्याकाळी आक्का बांधावर गेली नाही. मला म्हणाली, "आधी आईला इचारते. मग त्याला शेवट सांगते."

सकाळी चुलीपुढं तिनं आईला सगळं सांगितलं. आई भाकरी थापत होती. थापतच राहिली, इतकी की भाकरी परातीतच फाटली. तिनं पुन्हा गोळा केला. "दादांच्या कानावर जाऊ देऊ नको," एवढंच म्हणाली. आक्काला वाटलं, आई बेतानं, वेळ बघून दादांशी, म्हणजे आमच्या वडिलांशी, बोलेल. वैरणीला त्या दिवसापासून आई स्वतः जाऊ लागली, तरी आक्का गुणगुणतच होती.

सालगड्याचं साल पाडव्याला भरतं. ठेवायचा असला तर मालक त्या दिवशी नवी बोली करतो, नसला तर गडी बिऱ्हाड उचलतो. आई दादांना म्हणाली, "औंदा गडी बदला." दादा चकित झाले. एवढा नेकीचा गडी, कशाला? "माझं ऐका," आई म्हणाली, आणि दादांनी ऐकलं. खरं कारण त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही.

जाताना आईनं बापलेकांना पुरणपोळ्या बांधून दिल्या, गावाकडं असलेल्या त्याच्या आईसाठी लुगडं दिलं आणि डोळ्याला पदर लावला. ते रडणंही खरं होतं. मला राग येतो तो त्याचाच. ढोंग असतं तर मी दोन शिव्या हासडून मोकळी झाले असते.

"मग पुस्तकातल्याला कशाला रडलीस?" मी विचारलं.

"पुस्तकातली पोर माझी हुती का?" आई म्हणाली. "माझ्या पोरीला हंडाभर पाण्यासाठी कोसभर चालाया धाडू?" पुढच्याच साली आमचाही पाट कोरडा पडला, पण ते तेव्हा कुणाला ठाऊक होतं.

आक्काला आईनं आत पाट्यावर उरलेलं पुरण वाटायला बसवलं होतं. तो फाटकाशी थांबला, इकडंतिकडं बघितलं आणि मला म्हणाला, "धाकल्या ताई, शेवटी गाठ पडली का त्यांची?"

"पडली," मी म्हणाले. "देशमुखानं त्याला शेजारी बसवून घेतलं."

"बरं झालं," तो म्हणाला. वळकटी डोक्यावर घेऊन बापामागं चालू लागला.

वैशाखात आक्काचं लग्न झालं. काष्टीचं बागायतदार घर. माणूसही वाईट नव्हता. पदरी पडलं पवित्र झालं, म्हणायचं. पाडव्यापासून ती रडली नव्हती. बोलणं मात्र कामापुरतं झालं होतं. हळद लागल्यावर आम्ही दोघीच जरा खोलीत उरलो, तेव्हा तिनं विचारलं, "जाताना काय बोलला का गं?"

"गोष्टीचा शेवट इचारला."

"तू सांगितलास?"

"व्हय."

तिनं हळदीचे हात तसेच तोंडावर घेतले. "तेवढा तरी मला त्याला सांगायचा हुता गं," म्हणाली, आणि हुंदक्यावर हुंदके देत राहिली. मी तिला धरून बसले. तिचा आवाज बाहेर ऐकू गेला, आणि ओसरीवरच्या बायका आईची समजूत घालू लागल्या की माहेर सुटायचं म्हटल्यावर पोरगी रडायचीच.