सिंदीच्या रेखाच्या पेशी

"ये वं, तुही माय पाह्य," शंकरभाऊ नातीला म्हणाले आणि मायक्रोस्कोपसमोरच्या स्टुलावरून उठले. पोरगी स्टुलावर चढली. ती वाकणार तेवढ्यात मी आयपीसवर हात ठेवला.

दोन वर्षांपूर्वीच ठेवायला हवा होता.

शंकरभाऊ सिंदी रेल्वे गावचे, कापसाच्या जिनिंगमधले कामगार. त्यांची मुलगी रेखा ब्लड कॅन्सरने गेली. उपचार चालू असताना तिच्या बोन मॅरोचा, म्हणजे हाडातल्या मगजाचा थोडा नमुना त्यांनी आम्हाला संशोधनासाठी दिला होता. रक्ताच्या पेशी तिथेच तयार होतात. अशा नमुन्यातल्या पेशी शरीराबाहेर सहसा आठवडाभरात मरतात. क्वचित एखाद्याच्या फ्लास्कमध्ये वाढतच राहतात, वर्षानुवर्षं. त्याला सेल लाइन म्हणतात. रेखाची सेल लाइन झाली. आमच्या लॅबचे प्रमुख, सर, यांनी पेढे मागवले, जर्नलमध्ये पेपर छापून आला. तेव्हापासून दर वर्षी रेखाच्या पुण्यतिथीला शंकरभाऊ सकाळच्या गाडीने वर्ध्याला यायचे आणि लॅबमध्ये पेशी बघून जायचे.

नंतर एका कंपनीने त्या पेशी मागितल्या. पाठवण्याआधी डीएनए टेस्ट करावी लागते. रिपोर्ट आला. पेशी पुरुषाच्या होत्या. परदेशातल्या, कधीच वारलेल्या एका रुग्णाच्या. त्याची सेल लाइन जगभरच्या लॅबमध्ये आहे. आमच्याही इनक्युबेटरमध्ये होती, रेखाच्या फ्लास्कशेजारी.

घोळ कसा झाला ते मला त्याच क्षणी कळलं. पेशींना खाऊ घालायचं गुलाबी पाणी असतं, मीडियम. प्रत्येक सेल लाइनची बाटली वेगळी ठेवायची, हा पहिला नियम. एकदा घाईत मी दोन्हींना एकाच बाटलीतलं घातलं. पिपेटच्या, म्हणजे द्रव घालायच्या नळीच्या टोकाला त्या परक्या पेशींचा एक थेंब राहिला असणार. त्या दांडग्या पेशींनी रेखाच्या पेशींना हटवून फ्लास्क बळकावला. मरगळलेला फ्लास्क अचानक तरारला, तेव्हाच शंका यायला हवी होती. मी पेढा खाल्ला.

रिपोर्ट घेऊन सरांकडे गेले.

"टेस्टला परत पाठवा."

"दोनदा पाठवलं, सर."

"मग तिसऱ्यांदा नका पाठवू."

"पेपर मागे घ्यावा लागेल."

"त्या पेपरवर पहिलं नाव कोणाचं आहे, मॅडम?"

माझं होतं. रिपोर्ट ड्रॉवरमध्ये गेला. सरांनी 'सँपल संपलं' म्हणून कंपनीला कटवलं. पेपर तसाच राहिला. तो वाचून लोक आपले प्रयोग आखत होते, आणि आम्ही सेमिनारमध्ये 'विदर्भातल्या रुग्णाची सेल लाइन' म्हणून टाळ्या घेत होतो. मी सरांवर मनातल्या मनात जळत राहिले. तेवढ्याने आपण प्रामाणिक ठरतो असं वाटायचं. दोन पुण्यतिथ्या आल्या, गेल्या. शंकरभाऊ विचारायचे, "बरी हाये ना माही पोरगी?" मी म्हणायचे, "चहा घेता?"

तिसऱ्या वर्षी ते नातीला घेऊन आले.

"हात काऊन ठेवला, बाई?"

मी सगळं सांगितलं. बाटली, थेंब, रिपोर्ट.

"मंग आईच्या पेशी कुठी गेल्या?" पोरीने विचारलं.

"मेल्या. माझ्या चुकीने."

शंकरभाऊ म्हणाले, "मालूम असूनई दोन साल मले कोन्या मानसाले पाह्याले लावलं तुमी? मी घरी जाऊन हिले सांगो, तुही माय मजेत हाये म्हनून!"

"सरांनी गप्प राहायला..."

"सरायचं राहू द्या. मी तुमाले इचारत होतो."

रेखाच्या निदानाच्या वेळची एक स्लाइड आमच्याकडे होती. काचेवर पसरून रंगवलेला तिचा मगज. मी ती लावली.

"ह्या जित्या नाई?"

"नाहीत."

"पन तिच्याच?"

"तिच्याच."

त्यांनी आधी नातीला बघू दिलं. मग स्वतः बघितलं. जाताना चहा घेतला नाही. पुढच्या वर्षी आले नाहीत.

शंकरभाऊंना सांगितलं त्याच आठवड्यात मी जर्नलला पत्र लिहिलं होतं. पेपर मागे घेतला गेला. 'प्रथम लेखिकेची तांत्रिक चूक' असं सरांनी कळवलं. ड्रॉवरबद्दल एक अक्षर नाही. हल्ली ते पीएचडीच्या मुलांना संशोधनातल्या प्रामाणिकपणावर लेक्चर देतात. पहिल्या लेक्चरला मी शेवटच्या बाकावर बसले होते, आणि तेव्हाही उठून बोलले नाही. म्हणून आता लिहिते आहे.

आमच्या लॅबच्या दारावर मी ठळक अक्षरांत पाटी लावली आहे : प्रत्येक सेल लाइनची बाटली वेगळी. नियम तेव्हाही हाच होता.