मास्तर आपणहून येतलो

इनास गेल्याची बातमी मला कट्टा गावच्या बाजारात कळली. भाजीवाली टोमॅटो तोलता तोलता म्हणाली, "तुमचो इनास गेलो मां, मास्तरानु? सकाळीच, अंगणात…" मी पिशवी तिथेच विसरून घरी आलो. आज सात आठवडे झाले. शाळेत आम्ही एका बाकावर बसायचो, पण मयताच्या दिवशी चर्चमध्ये मी सगळ्यांत मागे बसलो. पुढे जायची हिंमत झाली नाही.

इनास गाड्यांच्या आतलं काम करायचा. इंजिनाला त्याने कधी हात लावला नाही. दरवाजाची पॅनलं, डॅशबोर्ड, छताचं कापड काढायचं आणि होतं तसं परत बसवायचं, एवढंच. तोंडवलीच्या किनाऱ्यावर पाहुणे नेणारे टॅक्सीवाले काच अडकली की त्याच्याकडेच येत. तो आधी गाडी तासभर उन्हात उभी करायचा. "थंड प्लास्टिक ओढलस तर मोडतला. तेका जरा ऊन खाव दी." मग हँडलच्या खाचेत लपलेले स्क्रू काढून कडेवरून बोटं फिरवायचा, पॅनल धरून ठेवणारी क्लिप नेमकी कुठे आहे ते बोटांनीच ओळखायचा आणि तिथेच चपटी पट्टी घालून पॅनल अलगद सोडवायचा.

दोन वर्षांपूर्वी माझ्या गाडीच्या दरवाजात खडखड सुरू झाली. मोबाईलवर एक व्हिडिओ बघितला आणि वाटलं, एवढंच तर आहे! सकाळच्या गारव्यातच स्क्रूड्रायव्हर घालून ओढलं. तीन क्लिपा तुटल्या, त्या बसतात त्या खोबणीही फाटल्या. मी सगळं दाबून बसवलं आणि गाडी इनासकडे नेली. "खडखडता रे, बघ," एवढंच म्हणालो. बायको बरोबर होती, दोन टॅक्सीवाले आपल्या गाड्यांसाठी थांबले होते. इनासने पॅनल उचललं आणि तुटके तुकडे जमिनीवर पडले.

"ह्या काय, इनासभाऊ, मोडलात?" बायको ओरडली.

इनासने माझ्याकडे बघितलं. खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं… पण मी बायकोला म्हणालो, "जाव दी गो. वय झाला तेचा. हात थरथरतत."

तो खाली वाकून तुकडे गोळा करू लागला. फाटलेल्या खोबणी आतून चिकटवल्या, नव्या क्लिपा घातल्या, दुपारपर्यंत खपला. खडखड थांबली.

माझं वाक्य मात्र त्या दोघांबरोबर टॅक्सी स्टॉपवर पोचलं. हळूहळू गाड्या दुरुस्तीला कुडाळला जाऊ लागल्या. इनासचं अंगण रिकामं दिसायचं आणि मी स्कूटरचा वेग वाढवायचो. तो हाक मारायचा, "ये रे मास्तर, च्या घे!" मला नेहमी घाई असायची.

परवा शेवटी त्याच्या घरी गेलो. त्याची बायको, आंजेलिनवहिनी, तांदूळ निवडत होत्या. मी सगळं सांगितलं. त्यांचा हात थांबला नाही.

"माका ठावक आसा. तेना त्याच दिवशी सांगल्यान."

"मग तो बोलला का नाही कुणाला?"

"मी पण इचारलंय. तर तो म्हणालो, मास्तर आपणहून येतलो सांगूक." त्यांनी सूप खाली ठेवलं. "तो वाट बघी होतो हो तुमची… आता माका सांगान काय? स्टॉपार जावा."

गेलो. त्या दिवशीच्या दोघांपैकी एक टॅक्सीवाला तिथे होता, त्याच्यासमोर आणि चार जणांच्या देखत सगळं बोललो. तो म्हणाला, "तुमच्या शब्दार आमी तेच्याकडे जावचा सोडला, मास्तरानु. आता सांगान काय उपयोग?"

काल वहिनींनी इनासची कामाची शेड उघडून दिली. फळीवर क्लिपांच्या बरण्या ओळीने मांडलेल्या, प्रत्येकीवर इनासच्या अक्षरात गाडीचं नाव. एकीवर गाडीचं नाव नव्हतं, नुसतं 'मास्तर' लिहिलं होतं. ती माझ्या गाडीच्या नव्या क्लिपांनी काठोकाठ भरलेली होती.