आयत्या वेळचा विषय

नागावला लागून असलेल्या आमच्या वाडीत पर्यटकांसाठी तीन खोल्या आहेत. शाळेतून निवृत्त झाल्यावर मी हा उद्योग सुरू केला. परदेशी पाहुणा आला की पोलिसांकडे त्याच्या माहितीचा फॉर्म द्यावा लागतो. ते काम मी यजमानांवर कधी सोडलं नाही, कारण त्यांचं अक्षर त्यांचं त्यांनाच लागत नाही.

एका हिवाळ्यात पुण्याहून कॉलेजच्या चार मुली आल्या. त्यांतली एक सुदानची होती, औषधनिर्माण शिकणारी. मी ओटीवर बसून तिचा फॉर्म भरत होते. मायदेशातल्या पत्त्याचा रकाना आला, तिने गावाचं नाव सांगितलं, मी लिहिलं. मग पुण्यात शिकलेल्या मराठीत ती म्हणाली, "पण मावशी, तिथे आता कोणी राहत नाही."

बंदूकवाले घरोघर फिरले होते. जात-जमात विचारून त्यांनी माणसं मारली होती. तिची आई धाकट्यांना घेऊन सरहद्दीपलीकडच्या छावणीत पोचली, वडिलांचा पत्ता नव्हता. हे सगळं तिने बसचं वेळापत्रक सांगावं तसं सांगितलं. मला राग यायला वेळ लागत नाही, पण समोर रागवायला कोणीच नव्हतं, म्हणून मी स्वतःवरच रागावले. घरी रोज वर्तमानपत्र येतं आणि मी त्यात निधनवार्ता आणि आंब्याचे भाव तेवढे वाचते.

पुढे तिचं शिक्षण संपलं, वसतिगृह सुटलं, व्हिसाची मुदत संपत आली. मी तिला सरळ आमच्याकडे बोलावून घेतलं. मुदत वाढली नाही तर तिला परत जावं लागणार होतं, आणि तिकडे तेच बंदूकवाले बसले होते. परदेशी नागरिकांचे अर्ज घेणाऱ्या अलिबागच्या पोलीस कार्यालयातला अधिकारी भला माणूस निघाला. म्हणाला, "अर्ज वर पाठवतो. गावाने हिची जबाबदारी घेतल्याचं काही जोडता आलं तर बघा."

गावाने, म्हणजे ग्रामसभेने. महाराष्ट्र दिनाची सभा चार दिवसांवर होती. मी तीन पानी ठराव लिहून ग्रामसेवकांकडे गेले. सगळा गाव त्यांना भाऊसाहेब म्हणतो. मला तसं म्हणणं जड जातं, कारण मी त्याला पाढे शिकवलेत. "बाई, चार ओळी," तो म्हणाला, आणि त्याने तीन पानांच्या खरोखर चार ओळी केल्या. ही मुलगी आमच्या गावात राहते, तिच्या गावात माणसं मारली गेली, तिला आणि तिच्यासारख्या कोणालाही परत पाठवू नये, अशी सभेची विनंती. त्यात तिच्या गावाचं नाव गाळलं होतं, ते मी परत घालायला लावलं. विषयपत्रिका आधीच लागली होती, त्यामुळे आमचा नंबर अगदी शेवटी, आयत्या वेळच्या विषयांत.

सभेत आधी नळयोजना झाली, मग रस्त्यावरचे दिवे, मग पर्यटकांच्या गाड्या. आमची पाळी येईपर्यंत अर्ध्या खुर्च्या रिकाम्या झाल्या होत्या. मी ठराव वाचला. नाक्यावरचा किराणावाला उठला.

"बाई, तुमचा मान हाय. पन नळाला एक दिवसाआड पानी, आणि आपन सुदानचा ठराव करायचा? तिकडं आपलं कोन हाय?"

तो काही खोटं बोलत नव्हता. माझ्याकडे उत्तर होतं, पण ते वर्गात फळ्याजवळ उभं राहून द्यायचं उत्तर होतं. मी तोंड उघडायच्या आत भाऊसाहेबाने विचारलं, "अनुमोदक कोण?" अनुमोदक नसला की ठराव बारगळतो. एकही हात वर झाला नाही. मुलगी माझ्या शेजारी मांडीवर हात ठेवून बसली होती. तिला सगळं समजत होतं. मला रडू यायला लागलं.

तेवढ्यात मागून आमची कोळीण उठली. वीस वर्षं मी तिच्याकडून मासळी घेते आणि वीस वर्षं आम्ही भावावरून भांडतो. सभेला ती आली होती मासळी वाळवायच्या जागेसाठी.

"माजा नवरा तुफानात भरकाटला व्हता," ती म्हणाली. "चार दीस पत्त्या नव्हता. गुजरातच्या किनाऱ्याला लागला. तिथल्या लोकांनी कापडं दिली, भात घातला. तुजा कोन हाय हिकडं, असा कोनी इचारला न्हाय. भाऊसाहेब, माजा नाव लिव."

ठराव सर्वानुमते मंजूर झाला. किराणावाल्यानेही हात वर केला, "पन नळाचं विसरू नका," एवढं म्हणून.

गणपतीच्या आधी मुदत वाढून आली. एका ठरावाने असं होत नसतं, हे मलाही कळतं, पण मला त्याची चटक लागली. किहीमच्या महिला मंडळात बोलले, अलिबागच्या कॉलेजात बोलले, खासदारांना पत्रं लिहिली. यजमान म्हणतात, हिला आता जिल्हा पुरत नाही. म्हणू देत. मी सुखात आहे.

मुदतीचा कागद आला त्या दुपारी मुलीने आईला व्हिडिओ कॉल लावला. ठरावाची नक्कल हातात धरून तिने एकेक ओळ अरबीत सांगितली. गावाचं नाव आलं तेव्हा आईने ते स्वतः पुन्हा उच्चारलं. मग मुलीने कोळणीचं बोलणं सांगितलं. आईने काहीतरी विचारलं, तशी मुलगी माझ्याकडे वळली.

"मावशी, आई विचारते, त्या बाईंचा नवरा मग घरी आला ना?"

"आला म्हणावं. रोज किनाऱ्यावर जाळं विणत बसतो."

आई हसली, आणि बराच वेळ डोळे पुसत राहिली.

दुसऱ्या दिवशी कोळीण दारात टोपली उतरवून बसली, तेव्हा मी तिला हे सांगितलं. तिने बोंबलांचा वाटा हातातच धरून ठेवला.

"आनि तिचा नवरा?"

"अजून पत्ता नाही."

 वाटा माझ्या ताटलीत टाकत ती म्हणाली, "त्याचा पन ठराव मांड, बाई. अनुमोदक मी हाय."