लॅबवाल्या मॅडमना आमचे हे जे बोलले...

काल जालना रोडवरच्या एका आयव्हीएफ सेंटरमध्ये मी सगळ्यांदेखत रडले. ह्यांना विचारूनच लिहितेय बरं का, नाहीतर कमेंटमध्ये मलाच झापाल.

तर आमच्या ह्यांच्या रिपोर्टमध्ये शुक्राणूच नव्हते, एकही नाही. औषधं झाली, छोटं ऑपरेशन झालं, पण हाती काही लागलं नाही. शेवटी डॉक्टरबाईंनी डोनरचे शुक्राणू वापरायचं सुचवलं.

हे लगेच "व्हय" म्हणाले... आणि तेव्हापासून गप्पच झाले. सह्या केल्या, दवाखान्यात येत राहिले, पण विषय काढला की एवढंच म्हणायचे, "तुला बाळ होईल ना, मग झालं."

तुला! मला सारखं वाटायचं, उद्या लेकरू मांडीवर दिलं आणि ह्यांनी त्याला परकंच मानलं तर?

काल डॉक्टरबाई पुढचं सगळं समजावून सांगत होत्या. डोनरच्या तपासण्या आधीच झालेल्या असतात, गोठवलेला नमुना वितळवून धुतात, त्यातले जोमानं पोहणारे वेगळे काढतात... मग मायक्रोस्कोपखाली बघून चांगला दिसेल तो एकेक उचलायचा आणि सुईनं स्त्रीबीजात सोडायचा. चांगले शुक्राणू गाळून घ्यायला महागडी चिप-बिपही असते, पण तुम्हाला तिची गरज नाही, असंही त्या म्हणाल्या.

आता आमचे हे चिकलठाण्याच्या कंपनीत क्वालिटीला. पार्टवर बारीक ओरखडा दिसला तरी अख्खा माल परत पाठवणारा माणूस! इतके महिने मुका बसलेला हा माणूस एकदम खुर्चीत पुढं सरकला.

"मॅडम, वितळवताना खराब झालेले कसे ओळखता? चांगला पोहतोय, पण डोकंच वाकडं असलं तर? अन् लेबल कोण तपासतं?"

मी बघतच राहिले! डॉक्टरबाईंनी शेवटी हसत हसत लॅबच्या मॅडमनाच बोलावून घेतलं. त्या बिचाऱ्या शांतपणे सांगत होत्या, प्रत्येक टप्प्याला आम्ही लॅबमधल्या दोघीजणी मिळून नाव-नंबर बघतो, वगैरे... मला आपलं वाटत होतं, आता ह्या चिडणार आणि आपल्याला बाहेर काढणार.

तेवढ्यात हे उठले. त्यांच्यापुढं हात जोडले आणि म्हणाले, "घाई नका करू मॅडम. नीट बघून निवडा. माझं लेकरू हाय ते."

माझं...

मी पर्समध्ये रुमाल शोधत राहिले, तो काही सापडेना. लॅबच्या मॅडमनीच टिश्यू दिला. हे मात्र गोंधळून विचारतात, "अगं, मी काही चुकीचं विचारलं का?"

पडेगावला घरी येईपर्यंत गाडीवर मागं बसून मी डोळे पुसत होते आणि हसतही होते. किती दिवसांनी जीव भांड्यात पडला म्हणून सांगू!

उपचाराला यश येईल, कदाचित पहिल्यांदा येणारही नाही. डॉक्टरबाईंचे आणि लॅबच्या मॅडमचे मनापासून आभार, माझ्या नवऱ्याचे सगळे प्रश्न ऐकून घेतल्याबद्दल. लेकरू यायचं तेव्हा येईल... त्याचा बाप मात्र काल आला.